घरात कारभार कोण पाहतं?

१

शिंपी गेला तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. दोन दिवस उलट्या, पोटदुखी, मग गुंगी, आणि त्या गुंगीतून तो उठलाच नाही. माणसं हळहळली, अंत्यविधी उरकला, पाहुणे पांगले. वावगं वाटलं ते पुढच्या आठवड्यात, त्याची म्हातारी आई जेवणाच्या थोडं आधी स्वयंपाकघराच्या दारात कोसळली तेव्हा. अंग घामानं थबथबलेलं, हात थरथरणारे, तोंडातून धड शब्द फुटेना. शेजारीण धावत आली म्हणून निभावलं.

शिंप्याच्या थोरल्या भावाच्या डोक्यात मग चक्रं फिरायला लागली. आधी मुलगा, आता आई. दोघांना जेवू घालणारी मात्र एकच. तो तडक पोलीस ठाण्यात गेला आणि भावजयीनं विष घातल्याची तक्रार देऊन आला. त्याच दिवशी शिंप्याच्या आठ वर्षांच्या मुलीलाही स्वतःच्या घरी घेऊन गेला.

फौजदाराची पंचाईत अशी झाली की विष शोधायला प्रेतच उरलं नव्हतं. म्हणून त्यानं आमच्या संस्थेत फोन केला. आम्ही एका मोठ्या वस्तीतल्या माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवतो. कुणाला मधुमेह होतो, कुणाचं हृदय थकतं, कुणाचं मूत्रपिंड जातं, आणि का. दरवर्षी शिबिर भरतं, रक्त घेतलं जातं, आणि प्रत्येकाला त्याच्या तपासणीचा कागद घरपोच मिळतो. शिंप्याच्या घरचे आमचेच सभासद होते.

"शिंप्याचं रक्त गेल्याच शिबिरात तपासलंय," आमच्या प्रमुखांनी फौजदाराला सांगितलं. "साखर अगदी व्यवस्थित. बाकीही सगळं ठणठणीत."

ठणठणीत माणूस असा दोन दिवसांत मरत नसतो. एवढंसं वाक्य, पण त्यानं त्या बाईच्या गळ्याभोवतीचा फास आणखी आवळला.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो," फौजदार म्हणाला. "तोवर तुमच्या त्या मरणवाल्या बाईंना पाठवा. त्यांच्या हाती काही लागलं तर ठीक. नाहीतर तिला आत घ्यावंच लागेल."

मरणवाल्या बाई म्हणजे मी.

२

मी डॉक्टर आहे, पण माझे रुग्ण माझ्याशी बोलत नाहीत. कुणी घरी मेलं की मी त्या घरी जाते आणि मागे राहिलेल्यांना विचारते. ताप होता का, श्वास कसा चालला होता, पाय सुजले होते का. त्या उत्तरांवरून मरणाचं कारण ठरवायचं. काम ओंगळ आहे, मान्य. मी वस्तीत शिरले की बायका पोरांना आत ओढतात. पण या कामात मी एक गोष्ट शिकले. माणसं खोटं बोलली तरी लक्षणं खोटं बोलत नाहीत. फक्त ज्याच्या तोंडून ती बाहेर पडतात, त्याला त्यांचा अर्थ ठाऊक नसतो.

थोरला भाऊ दुकानातच भेटला. पुढची खोली दुकान, मागे घर. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती आणि हा गडी धाकट्याच्या खुर्चीत आधीच ऐसपैस बसला होता. ते मला आवडलं नाही. पण खुर्ची बळकावणं हा काही गुन्हा नव्हे.

"तुम्हाला पुरावाच हवाय ना? ऐका," तो म्हणाला. "महिनाभर ती त्याला ग्लासच्या ग्लास भरून काहीतरी पाजत होती. मी स्वतः पाहिलंय. हा शिवत बसलेला, आणि ही तासातासाला ग्लास घेऊन हजर. आणि हा पठ्ठ्या घटाघटा पिणार! पिऊन पिऊन माणूस वाळत चालला होता."

"वाळत म्हणजे?"

"अहो, स्वतःच्याच पँटी त्यानं आत घेतल्या. कमरेत. एकदा नाही, दोनदा."

"शेवटच्या दिवशी तुम्ही इथे होतात?"

"होतो ना. श्वास असा चालला होता," त्यानं छाती भरून, खोल, जोरात श्वास घेऊन दाखवला. "आणि तोंडाला वास. नेलपॉलिश असतं ना, तसला. मी तेव्हाच म्हणालो, याच्या पोटात काहीतरी गेलंय. पण माझं ऐकतंय कोण?"

"मग तेव्हाच दवाखान्यात का नाही नेलं?"

तो वरमला. "तोच म्हणाला, उगाच कशाला. कागद आहे माझ्याकडे, मला काहीही झालेलं नाही."

बोलता बोलता त्यानं विषाचा पुरावा म्हणून जे जे सांगितलं, ते सगळं माझ्या ओळखीचं होतं. तहान, वाळणं, खोल श्वास, तोंडाला तो वास. मधुमेह हाताबाहेर गेला की माणूस नेमका असाच मरतो. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही हे सांगेल.

फक्त अडचण एकच. शिंप्याला मधुमेह नव्हता. कागद आमचा होता आणि त्यावर सही आमच्या प्रमुखांची होती.

३

म्हातारी आत खाटेवर बसली होती. बारीक चणीची, पण जिभेला धार.

"बस. तूच ना ती मेलेल्यांची चौकशी करणारी? माझी करायला थोडी लवकर आलीस."

"तुम्ही चांगल्या धडधाकट दिसताय, आजी."

"दिसते. दुपार जवळ आली की बघ माझे हाल. हातपाय कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी. कधी कधी तर समोर कोण उभंय तेही कळत नाही." तिनं आवाज खाली आणला. "सुनेच्या हातचं खाल्लं की मी मरायला टेकते. आणि शेजारणीनं चोरून घोटभर गोड चहा पाजला की उठून बसते. आता तूच सांग, यातून काय समजायचं?"

"चोरून का?"

"मला साखरेचा आजार निघालाय ना! गेल्या शिबिरात. या वयात! जन्मात कधी नव्हता. तेव्हापासून गोळी सुरू आहे. सून माझ्या चहात साखरेचा कण पडू देत नाही. डब्याला कुलूप लावायचं तेवढं बाकी ठेवलंय."

"गोळी कोण देतं?"

"तीच. रोज सकाळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. पोलिसासारखी."

मी हे मनात नोंदवलं. म्हातारी मात्र आता रंगात आली होती आणि तक्रारींचं गाठोडं एकदा सुटलं की ते कुणी आवरू शकत नाही.

"या घरात माझं काय राहिलंय सांग. नवरा गेला तेव्हा हा धाकटा कडेवर होता. मी शिवण शिवून घर चालवलं. तुमच्याच संस्थेची बाई दरसाल यायची, विचारायची, घरात कारभार कोण पाहतं? मी म्हणायचे, मी पाहते. माझा नंबर पहिला. आणि गेल्या वर्षी काय झालं? ती बाई आली, मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, 'आता कारभार मीच पाहतो, आई थकली.' माझ्या तोंडावर! तीही लिहून मोकळी. हे सगळं सुनेनं शिकवलेलं."

"त्यानं तुमच्या काळजीपोटी म्हटलं असेल, आजी."

"असेल," ती म्हणाली, आणि एकदम गप्प झाली. डोळे भरून आले. मला वाटलं मुलाची आठवण झाली.

पण तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू कोण?"

४

ती कलंडली ती माझ्याच अंगावर. माझ्या ओरडण्यानं सून स्वयंपाकघरातून धावत आली, मागोमाग थोरला.

"बघा! बघा आता डोळ्यांनी!" तो किंचाळला. "तुमच्या समोर! आज सकाळी काय घातलंस गं तिला?"

सून भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक. "फक्त गोळी दिली," ती म्हणाली. "जेवण अजून व्हायचंय."

"साखर आणा," मी म्हणाले.

"त्यांना साखर चालत नाही..."

"आणा म्हणते ना!"

माझ्या पिशवीत साखर मोजायचं छोटं यंत्र असतं. मी म्हातारीच्या बोटाला टोचलं. यंत्रावर आकडा आला. इतकी कमी साखर की आणखी थोडा वेळ गेला असता तर मला या घरी पुन्हा यावं लागलं असतं, माझ्या नेहमीच्या कामासाठी. साखरेची चिमूट गालाच्या आत चोळली, मग थोडी शुद्ध आल्यावर साखरपाणी चमच्यानं पाजलं. बघता बघता म्हातारीच्या डोळ्यांत ओळख परतली.

"अजून बसलीयेस होय?" ती मला म्हणाली.

विष साखरेनं उतरत नाही. हे काम गोळीचं होतं. पण तीसुद्धा साधी गोळी, रोज लाखो माणसं घेतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमचा कागद बघूनच दिली होती, आणि त्या कागदावर म्हातारीची साखर भयंकर वाढलेली होती. इतकी वाढलेली साखर एका गोळीनं अशी पाताळात जात नाही. मुळात वाढलेलीच नसेल तर मात्र जाते.

मी गोळ्यांची पट्टी स्वतःच्या पिशवीत टाकली आणि सुनेला बाजूला घेतलं. तिला रडूही येत नव्हतं.

"तुम्ही नवऱ्याला ग्लास भरून काय द्यायचात?"

"साखरपाणी." तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. "त्यांना अशक्तपणा आला होता. सारखी तहान, रात्री चार चार वेळा उठायचे. मला शंका आली होती, बाई. मी म्हटलंही, आईंसारखं तुम्हालाही साखरेचं नाही ना? तर हसले. म्हणाले, साखर आईला आहे, मला नाही, लेखी आहे. मग मीच म्हटलं, अंगात शक्ती यायला साखरपाणी घ्या."

एकाच घरात, एकाच शिबिरात तपासलेली दोन माणसं. ज्याला मधुमेहाची सगळी लक्षणं, त्याचा कागद कोरा. जिला एकही लक्षण नाही, तिच्या कागदावर मधुमेह. ही बाई निर्दोष आहे याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका उरली नव्हती. पण फौजदाराला माझं मन दाखवून भागणार नव्हतं.

रक्त मात्र दाखवता येणार होतं. शिंप्याचा देह गेला होता, पण त्याच्या रक्ताची एक नळी आमच्या शीतकपाटात अजून होती.

५

प्रयोगशाळेच्या ताई त्या शीतकपाटावर नागिणीसारख्या बसून असतात. जाड हातमोजे घालून त्यांनी झाकण उघडलं, वाफाळतं धुकं बाहेर आलं, आणि कचेरीतून आणलेले मायलेकराचे दोन नंबर मी सांगताच त्यांनी न बघता हात घालून दोन्ही नळ्या काढल्या.

"नंबर तरी वाचा," मी म्हणाले.

"कशाला? कुठला कप्पा, कुठली पेटी, कुठलं भोक, हे मला ठाऊक असतं. इथे नंबर वाचत बसलं तर बोटं गळून पडतील. आणि वाचायचा तर आधी प्रत्येक नळीवरचं हिम पुसावं लागतं."

नळ्यांवर नावं नसतात, हे इथे सांगायला हवं. कुणाचा आजार कुणाला कळू नये म्हणून आम्ही फक्त आकडे लिहितो. आधी घराचा नंबर, मग त्या घरातल्या माणसाचा. आकडा कुणाचा, हे कचेरीतल्या संगणकाला ठाऊक असतं. प्रयोगशाळेला नाही आणि सुई टोचणाऱ्यालाही नाही. या गुप्ततेचा आम्हाला फार अभिमान.

"ताई, दोन्ही नळ्यांत प्रोस्टेटची तपासणी लावा."

"अहो, एक नळी बाईची आहे. बाईला कुठली आलीय प्रोस्टेट?"

"म्हणूनच."

प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरातली ग्रंथी. तिचा अंश पुरुषाच्या रक्तात सापडतो, बाईच्या रक्तात जवळजवळ नाहीच. ताईंनी तपासणी लावली, आणि निकाल दोनदा वाचून माझ्याकडे सरकवला. म्हातारीच्या नावावरच्या नळीत पुरुषाचं रक्त होतं. शिंप्याच्या नावावरच्या नळीत नव्हतं.

"अदलाबदल," त्या पुटपुटल्या. "पण इथे नाही झाली, शपथेवर सांगते."

मी सुईवाल्या काकांना बोलावलं. शिबिरात रक्त तेच काढतात. बिचारे घाबरले, मग चिडले.

"माझ्या हातून चूक नाही. मी प्रत्येकाला विचारतो, तुमचा नंबर काय? म्हातारी म्हणाली एक. दरवर्षी एकच म्हणते, तेही जोरात. मुलगा म्हणाला दोन. तेच आकडे नळीवर लिहिले. आता माणसाला स्वतःचा नंबर सांगता येत नसेल तर मी काय करणार?"

म्हातारीची तक्रार माझ्या कानात पुन्हा वाजली आणि सगळं लख्ख झालं. आमच्याकडे कारभाऱ्याला पहिला नंबर मिळतो. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, कारभार मी पाहतो. संगणकानं मुलाला एक केलं आणि आईला दोन. ते त्या मायलेकरांना कुणी सांगितलंच नाही. दोघांनी आपापले जुने नंबर सांगितले, आईचं रक्त मुलाच्या नावावर गेलं आणि मुलाचं आईच्या. चूक कुणा एकाची नव्हती. चूक आमच्या शहाणपणाची होती.

आणि हे त्या एकाच घरात कसं असेल? आईबापांनी कारभार मुलांकडे सोपवला अशी घरं वस्तीत कितीतरी.

"ताई, ती पेटी पुन्हा दाखवा."

पेटीतल्या नळ्यांवर हिमाचा जाड थर होता. पण मधूनमधून काही नळ्यांवर तो पातळ होता, बोटाएवढ्या पट्ट्यात, नेमका आकड्यावर. कुणीतरी अंगठ्यानं पुसून वाचलं होतं. ओळीनं नाही, विखुरलेल्या, आणि प्रत्येक घरातल्या दोनच. आम्ही त्या नळ्यांचे नंबर संगणकात घालून पाहिले. प्रत्येक घर तेच निघालं, जिथला कारभारी गेल्या वर्षी बदलला होता.

म्हणजे ही चूक माझ्याआधी कुणाला तरी कळली होती. आणि तो गप्प बसला होता.

६

आमचे प्रमुख माझ्याबरोबर शिकले. एका बाकावर बसून आम्ही शरीरशास्त्राचे पेपर दिले. वस्तीत फिरून पहिली दारं वाजवली तीही आम्ही दोघांनीच. त्याच्या खोलीत मी न विचारताच शिरले, रागातच.

"तुला कधी कळलं?" मी दार लावून विचारलं.

"काय?"

"सोंग नको घेऊस. शीतकपाटाची किल्ली दोघांकडेच असते. ताईंना नळी शोधायला हिम पुसावं लागत नाही. आकडे पुसून वाचत बसायची पाळी ज्याला तिथली मांडणी ठाऊक नाही त्याच्यावर येते. आणि त्यानं नेमकी तीच घरं निवडली, म्हणजे त्याला चूक कुठे आहे ते आधीच ठाऊक होतं. हे फक्त आकड्यांत डोकं घालून बसणाऱ्यालाच दिसू शकतं. ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या तेव्हा दोन्ही किल्ल्या तुझ्याकडे होत्या. शिंपी तेव्हा जिवंत होता."

त्यानं टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग चष्मा काढला.

"आधी मला वाटलं, काहीतरी मोठं सापडलं," तो म्हणाला. "काही घरांतली तरुण माणसं एका वर्षात बरी झालेली आणि म्हातारी अचानक आजारी पडलेली. मी हरखून गेलो होतो. मग नळ्या तपासल्या."

"आणि?"

"बाहेरची मंडळी पाहणीला येणार होती. आत्ताच हे बाहेर आलं असतं तर सगळं काम बंद पडलं असतं. लोकांनी पुन्हा रक्त दिलं नसतं. म्हटलं, पाहणी होऊ दे, मग सावकाश दुरुस्त करू. कागद परत मागवू."

"मंडळी कधी गेली?"

"सोमवारी."

"शिंपी शनिवारी गेला."

त्यानं मान वर केली नाही. "मी हिशेब करून बघितला होता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दोघं एकाच घरातले. अदलाबदल झाली तरी वस्तीची सरासरी तीच राहते. निष्कर्षाला कुठे धक्का लागत नाही."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. इतक्या वर्षांचा मित्र समोर बसला होता आणि मला त्याची किळस येत होती.

"सरासरी मरत नाही रे," मी म्हणाले. "आणि काल फौजदाराला तू काय सांगितलंस? साखर व्यवस्थित. तुला ठाऊक होतं की ते रक्त त्याचं नाही. एका निर्दोष बाईला तू तुरुंगात जाऊ दिलं असतंस?"

"तू शोधून काढशील असं वाटलं होतं," तो म्हणाला.

त्याचं हे बोलणं खरं की खोटं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी त्याच्याच फोनवरून फौजदाराला बोलावून घेतलं, आणि तो येईपर्यंत तो फोन माझ्याच हातात ठेवला. बाहेर ताई, सुईवाले काका आणि कचेरीतली झाडून सगळी माणसं त्या घरांची यादी वाटून घेऊन निघाली होती. म्हाताऱ्यांच्या गोळ्या थांबवायच्या, मुलांना दवाखान्यात न्यायचं, आधी पाय धरायचे आणि मग बोलायचं, असं त्यांना सांगून ठेवलं होतं.

७

संध्याकाळी फौजदार शिंप्याच्या घरी आला, पण कुणाला न्यायला नाही. थोरला भाऊ मुलीला घेऊन आला होता. ती आईला बिलगली ती सुटेचना. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. थोरला भावजयीसमोर हात जोडायला गेला. ती म्हणाली, "राहू द्या." त्या दोन शब्दांत माफी नव्हती. ती मिळायची त्याची लायकीही नव्हती.

मग तिनं मला विचारलं, "आणि मी पाजलेलं साखरपाणी?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. वाटभर मी उत्तर जुळवत आले होते.

"त्यानं त्रास वाढला असणार," मी म्हणाले. "खोटं सांगणार नाही. पण कागद खरा असता तर तो ग्लास तुम्ही भरला असता का?"

"नाही."

"मग ते आम्ही पाजलं. तुमच्या हातानं."

तिनं मुलीच्या केसांत बोटं घातली. मग म्हणाली, "अजून किती घरं आहेत अशी?"

"आहेत पुष्कळ. माणसं गेलीत सगळीकडे."

"मग तुम्ही इथे काय बसलात? जा ना, बाई. कुणाची तरी सून आत्ता साखरपाणी ढवळत असेल."

मी उठले. दारात चपला घालत होते तेव्हा म्हातारीनं हाक मारली. ती खाटेवरच बसून होती. आता तिच्या जिभेची धार कुठल्या कुठे गेली होती.

"म्हणजे आजार त्याला होता."

"हो, आजी."

"आणि ती गोळी त्याची होती."

मी होकार दिला. दुसरं काय करणार होते?

"रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो आत डोकवायचा," म्हातारी म्हणाली. "अंगात त्राण नसायचं, दाराची चौकट धरून उभा राहायचा. पण विचारल्याशिवाय जायचा नाही. 'आई, गोळी घेतलीस का?' आणि मी म्हणायचे, घेतली रे बाबा, घेतली."

सून उठली आणि तिच्याशेजारी खाटेवर जाऊन बसली. म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. मी दार ओढून घेतलं आणि पुढच्या घराकडे निघाले.